दोंडाईच्यातलं माझं ताट

चातुर्मासात आमच्या गावात वांगं उंबरठा ओलांडत नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की सुकदेव नानानं लपवलं. आषाढी एकादशीला वांगं रजेवर जातं, ते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला कामावर रुजू होतं. त्या दिवशी खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग सगळ्या गावानं गिरधर आबाच्या मळ्यात जमायचं. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ होतो. त्यावर भरताची वांगी भाजतात आणि सोलून बडगीत टाकतात. बडगी म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं. त्यात मुसळानं वांगी ठेचायची. हे काम दिसतं सोपं, पण अख्ख्या गावाचं भरीत ठेचून झाल्यावर माणसाला स्वतःचा चहाचा कप उचलवत नाही.

मग ठेचायचं कोणी? त्यावर आमच्या वाडवडिलांनी तोडगा काढून ठेवलाय. वांगी भाजेपर्यंत ज्याला हौस असेल त्यानं थाप मारायची. ज्याची थाप पकडली गेली त्यानं मुसळ धरायचं. ज्याची कोणालाच पकडता आली नाही त्याला बडगीतलं पहिलं ताट. निकाल द्यायचा मोहनलालशेठनी. शेठचं किराणा दुकान गावात तीन पिढ्यांपासून आहे. घर जैनाचं. वांगं चातुर्मासातच काय, बारा महिने वर्ज्य. शेठ मळ्यात येतात, आंब्याखाली सतरंजी टाकून डब्यातले खाकरे खातात आणि निकाल देतात. ज्याला भरताची लालूच नाही त्याच्याइतका निःपक्षपाती न्यायाधीश कुठे मिळणार?

तर ते पहिलं ताट माझं. मला आठवतं तेव्हापासून माझंच. मुसळ हाताला गार लागतं की गरम, हे मला ऐकूनच ठाऊक होतं.

ह्या सुखात बिब्बा घातला शीतल मॅडमनी.

मॅडम मूळच्या धुळ्याच्या. आमच्या सातवीपर्यंतच्या शाळेत जूनमध्ये बदलून आल्या. एका संध्याकाळी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन माझ्या ओट्यावर हजर.

"सुकदेव नाना तुम्हीच का?"

"गावात तरी मीच."

"घटक चाचणीत मी प्रश्न विचारला होता. गिरणा नदी पुढे जाऊन उत्तरेकडे का वळते? हे बघा, अर्ध्या वर्गाचं उत्तर." मॅडमनी वाचून दाखवलं. "गिरणा नदी सुकदेव नानांच्या आजोबांच्या रेड्यामुळे वळते. रेडा पात्रात बसला व उठेना. नदीने बराच वेळ वाट पाहिली व कंटाळून वळसा घातला."

मी विचारलं, "आणि उरलेल्या अर्ध्यांनी काय लिहिलं?"

"उरलेल्यांनी रेड्याचं नावही लिहिलंय."

आता बाई रागावणार, म्हणून मी टोपी सारखी केली. रागावणाऱ्या माणसासमोर टोपी सरळ असलेली बरी. पण मॅडम ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "नाना, तुम्ही शाळेत याल का? दर बुधवारी एक तास. माझ्या तासाला बसायचं आणि त्या विषयातली एक थाप मारायची. मुलांना मी आधीच सांगणार, की नाना खोटं बोलायला आले आहेत. पकडायचं काम त्यांचं."

"पगार?"

"चहा."

"दोनदा?"

"दोनदा."

मी मनात हिशेब केला. चंपाषष्ठीपर्यंत दर आठवड्याला सराव. तालमीत जाऊन पोरांना चीत करायचं आणि वर चहा. म्हटलं, "मॅडम, लेकरं रडतील हो. मला अजून मोहनलालशेठसुद्धा पकडू शकलेले नाहीत."

"बघू," मॅडम म्हणाल्या.

पहिल्या बुधवारी भूगोल होता. फळ्यावर मॅडमनी तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या. *कोणी सांगितलं? आणखी कशावरून? हे खरं निघावं असं मला का वाटतं?* पहिल्या दोन मला समजल्या. तिसरी वाचून वाटलं, बाईंनी जागा भरायला लिहिली असेल.

मी आजोबांचा रेडा पुन्हा नदीत बसवला. ह्या वेळी सोबत पूर आणला, पाटलाची होडी आणली, रेड्याच्या शेपटीला धरून बसलेला ब्रिटिश साहेब आणला. पोरं डोळे फाडून ऐकत होती. संपल्यावर मी मिशीवरून हात फिरवला.

दुसऱ्या बाकावरून विधी उठली. ही मोहनलालशेठची नात, सातवीत. दोन वेण्या, आवाज एवढासा. "नाना, नदी तुमच्या आजोबांच्या वेळी वळली ना?"

"अगदी डोळ्यांदेखत."

"मग वळणावरचं महादेवाचं देऊळ कधीचं?"

"फार जुनं, पोरी. माझ्या आजोबांच्या आजोबांनासुद्धा ते जुनंच दिसलं होतं."

"त्या देवळाचा घाट पाण्यात उतरतो. तेव्हा नदी तिथं नव्हती, तर घाट कोणत्या पाण्यासाठी बांधला?"

वर्ग एका सुरात हसला. मी म्हणालो, "दूरदृष्टी असलेले लोक होते," पण त्यात दम नव्हता, हे मलाही कळलं. मॅडमनी नकाशा उघडला, उतार कुठून कुठे आहे ते पोरांकडूनच काढून घेतलं, आणि माझा रेडा जो पाण्यातून उठला तो परत बसलाच नाही.

पुढच्या बुधवारी गणित. मी जपून एक वांगं काढलं. एकच वांगं, पण अख्खं गाव जेवलं आणि पाहुण्यांना बांधून दिलं. मॅडम म्हणाल्या, "चला, मांडा." पोरांनी माणशी एक डाव भरीत धरलं, गावची माणसं धरली, गुणाकार केला, आणि माझं वांगं शाळेच्या पाण्याच्या टाकीएवढं निघालं. तोवर मला अभिमानच वाटत होता. मग शेवटच्या बाकावरचा जगदीश उठला. हा माझ्या शेजारच्या घरातला, दिवसातून दोनदा माझ्या ओट्यावर पडीक असणारा. म्हणाला, "नाना, एवढं वांगं भाजायला किती शेतांच्या काड्या लागल्या? तेवढा जाळ केला तर तुमचा गोठाबी भाजला असता. गोठा तर आजोबांच्या वेळचाच शे, तुम्हीच सांगता."

घरचाच भेदी. त्या दिवशी मी दुसरा चहा प्यायलो नाही.

गावात ही गोष्ट पसरायला शाळा सुटण्याची वाट बघावी लागली नाही. गिरधर आबा पारावर मला बघून दोन्ही हात हवेत वर-खाली करू लागला, मुसळ धरल्यासारखे.

"नाना, औंदा मुसळ तुन्हाच हातमा शे."

"शेंबड्या पोरांचं काय धरतोस?"

"मी धरस नही, पोरं धरतस. तुले," आबा म्हणाला, आणि अख्खा पार हसला.

खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात मला झोप लागेना. माणसाकडे शेती असते, दुकान असतं, मुलाची नोकरी असते. माझ्याकडे ते एक ताट होतं. वर्षातून एकदा गाव ताट हातात घेऊन माझ्याकडे चालत येतं, ह्यावर माझं उरलेलं वर्ष निघत होतं.

अशा वेळी राखीची सुट्टी झाली. सुट्टीनंतर विधी माझ्या ओट्यावर आली. एकटीच.

"नाना, मी दोंडाईच्याला मामांकडे गेले होते. मम्मी राखी बांधायला गेली ना, तिच्याबरोबर."

"बरी आहे का तुझी मम्मी, कुसुमलता? मामा बरा?" मी रुसलेल्या आवाजातच विचारलं. घाटाचं अजून डोक्यात होतं.

"मजेत. नाना, तिथं एक गंमत झाली. तुम्हाला सांगू की नको, असं वाटत होतं."

"सांगून टाक."

"मामांच्या घरी भरताचा बेत होता. खूप माणसं आली होती. वाढायच्या आधी मामांनी पहिलं ताट काढलं आणि बाजूला ठेवलं. मी विचारलं, हे कोणाचं? तर म्हणाले, हे सुकदेव नानांच्या नावाचं. तुमच्या थापा तिकडे फोनवर फिरतात म्हणे. आता तिकडे रीतच पडलीये. भरीत म्हटलं की पहिलं ताट नानांच्या नावानं काढायचं आणि मग बाकीच्यांनी जेवायचं."

कुठे गिरणाकाठचं आमचं गाव आणि कुठे दोंडाईचा. जिल्हा वेगळा. मिरचीचा एवढा मोठा बाजार भरतो तिथं. आणि तिथली माणसं माझ्या नावानं ताट काढतात.

"माझ्या नावानं," मी म्हणालो.

"हो ना. मामा म्हणत होते, नानांचा एक फोटो असता तर ताटाजवळ ठेवला असता."

दुसऱ्या दिवशी भडगावला जाऊन मी फोटो काढला. नवी टोपी घेतली, ती घालून काढला. विधीच्या हाती दिला आणि सांगितलं, "जपून पाठव हो, दुमडायचा नाही."

आणि मग गावभर सांगत सुटलो. पारावर, चक्कीवर, एसटीच्या थांब्यावर. एवढा मोठा पसारा कोण सांगत बसणार, म्हणून गाळून मुद्द्याचं तेवढं सांगायचो. "दोंडाईच्याचे लोक भरताचं पहिलं ताट माझ्या नावानं काढतात." गिरधर आबासुद्धा हात हलवायचा थांबला. म्हणाला, "काय सांगस?" मी म्हणालो, "विचार कोणालाही." कोणाला विचारणार? दोंडाईच्यात त्याचं कोण होतं?

आता माझी मान ताठ झाली. बुधवारी जायचो ते नव्या टोपीत. विज्ञानाच्या तासाला मी मोठी थाप काढली. "पोरांनो, आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पण ह्या मेमधलं ऊन काही वेगळंच होतं. एक दिवस भर बाराला मी घराबाहेर पडलो. चालतोय, चालतोय, आणि बघतो तर सावली नाही. परत घरी गेलो, तर सावली कोपऱ्यात माठाला टेकून बसलेली. म्हणे, तुम्ही जा, मी उन्हात येत नाही."

वर्ग हसला. मी वाट बघत होतो की आता कोण उठतं. उठली गेंदा. ही सातपुड्याच्या पायथ्याकडची, चोपड्याच्याही वरची. आई-बाप मजुरीला इकडे आले आणि पोर आमच्या शाळेत आली. बोलायची कमी.

"नाना, हाई खरं शे," गेंदा म्हणाली.

"काय खरं?"

"सावली नव्हती ते. आमी तेंदूची पानं तोडायले जातूस ना, उन्हाळामा. एक-दोन दिवस असा येतस का भर दुपारी सावली दिसतच नही. पायखाले जास."

मॅडमनी पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला, त्यावर खडूचा तुकडा चिकटवला, समोर फोनचा दिवा धरला आणि गोल कलता केला. खडूची सावली लहान होत होत खडूतच शिरली. मे महिन्याच्या शेवटी शेवटी आपल्याकडे सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो म्हणे.

"म्हणजे नाना अर्धं खरं बोलले," मॅडम म्हणाल्या.

माझ्या सगळ्या आयुष्यात माझा एवढा अपमान कोणी केला नव्हता. थाप पकडली जाणं वेगळं, थाप खरी निघणं वेगळं. जगदीशनं तर विचारलं, "मॅडम, थाप खरी निघाली तर ती धरायची का नही?" मॅडम म्हणाल्या, "खरी निघाली म्हणजे थापच नाही. बाद." पोरांनी ते वहीत लिहून घेतलं.

पण ह्या बुधवारांमध्ये मीही एक विद्या शिकलो. पोरं काय विचारतात, कोणत्या बाजूनं येतात, ते मला पाठ झालं होतं. चोराच्या शाळेत पोलीस शिकतात तसं पोलिसांच्या शाळेत चोरही शिकतो. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि मी चंपाषष्ठीसाठी अशी थाप बांधली की तिला खाली-वर कुठून हात घालायला फट नव्हती.

चंपाषष्ठीला मळ्यात गाव जमलं. शीतल मॅडम सातवीचा वर्ग घेऊन आल्या होत्या. गिरधर आबानं मुद्दाम बोलावलं होतं. जाळ पेटला, वांगी तडतडायला लागली. मोहनलालशेठ आंब्याखाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "यंदा बच्चे लोग पण पकडणार. मंजूर ना, नाना?"

"मंजूर," मी टोपी सारखी करत म्हणालो.

पहिली पाळी गिरधर आबाची. आबानं सांगितलं, की त्याच्या विहिरीत एवढा मोठा मासा आहे की तो वळला की मोटर आपोआप सुरू होते. जगदीशनं नुसतं विचारलं, "आबा, मंग परवा लाईट गई तव्हा तुम्ही बिन पाण्याचे का बसले व्हतात?" आबानं मुसळ उचललं आणि बडगीजवळ जाऊन बसला.

मग मी.

"माझा तांबडा कोंबडा तुम्ही सगळ्यांनी बघितलाय," मी सुरुवात केली. "दर बुधवारी तो माझ्या मागं शाळेत यायचा आणि खिडकीखाली बसायचा. मॅडमचे ते तीन प्रश्न त्यानं ऐकले. एक दिवस त्याच्या मनात आलं, मी आरवतो म्हणून सूर्य उगवतो, हे मला कोणी सांगितलं? बापानं. आणखी कशावरून? कशावरूनच नाही. म्हणून दुसऱ्या पहाटे तो मुद्दाम आरवला नाही. सूर्य उगवला. त्याला शंका आली, की गावातला दुसरा कोणी आरवला असेल. मग त्यानं घरोघर जाऊन सगळ्या कोंबड्यांना गप्प बसवलं. तरी सूर्य उगवला. तेव्हापासून माझ्या कोंबड्यानं आरवणं सोडलंय. म्हणतो, पोकळ कामात जीव कोण घालवणार?"

पोरं तुटून पडली.

"तो खरंच आरवत नही का?" एकानं विचारलं.

"जगदीशला विचारा. शेजारी राहतो."

जगदीश चाचरला. "नही आरवत. दसऱ्यापासून मी ऐकेल नही."

हे खरंच होतं. कोंबडा म्हातारा झालाय आणि त्याचा घसा बसलाय.

"पण कारण हेच कशावरून?" विधीनं विचारलं.

"दुसरं कोणतं कारण तू मला दाखव."

"म्हातारा झाला असेल."

"मी म्हातारा झालोय. मी गप्प बसलो का?"

माणसं हसली. गेंदा म्हणाली, "कोंबडाना मनमा काय शे ते तुमले कसं समजनं? तुमले कोंबडानी भाषा येस?"

"तुला येते का?"

"नही."

"मग तो असं म्हणाला नाही, हे तरी तू कसं सांगशील?"

गेंदा मॅडमकडे बघू लागली. मॅडम बघत होत्या वांग्यांकडे. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मी सगळ्यांवरून नजर फिरवली. जाळातलं एक वांगं फटकन फुटलं, तेवढाच आवाज.

"कोई और?" मोहनलालशेठनी विचारलं. कोणी नाही. "तर मग, नाना, नेहमीप्रमाणे..."

आबानं बडगीतून पहिलं ताट भरलं. वाफ निघत होती. तो ताट घेऊन माझ्याकडे चालत येत होता, ज्या चालीसाठी मी वर्षभर जगतो त्या चालीनं. इथं मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण माझं तोंड.

"शेठ," मी म्हणालो, "इथं निदान स्पर्धा तरी लागते. दोंडाईच्यात बिनविरोध काढतात."

विधी उठली. "दादाजी, माझी एक थाप राहिलीये."

"आता? बोल, बेटा."

"आता नाही सांगायची. ती मी राखीच्या सुट्टीनंतरच सांगून ठेवलीये. आजपर्यंत कोणी पकडली नाही." आणि मग तिनं माझ्याकडे बघून, त्याच एवढ्याशा आवाजात, सगळं पुन्हा सांगितलं. राखी. मामांचं घर. मामांच्या घरी भरताचा बेत. पहिलं ताट. नानांच्या नावाचं.

शेठच्या हातातला खाकरा तिथंच राहिला. "कोणाच्या घरी?"

"मामांच्या, दादाजी."

"आमच्या व्याह्यांच्या घरी? वांगं? आणि राखीला?" शेठना हसू आवरेना. खाकऱ्याचा तुकडा घशात अडकला, कोणीतरी पाणी दिलं. "अरे भाई, त्यांच्या घरात तर वांग्याचा फोटोसुद्धा येत नाही."

आता मळ्यातला प्रत्येक माणूस माझ्याकडे बघत होता. जैनाच्या घरात, भर श्रावणात, भरीत. ज्या गावात एकादशीला वांगं रजेवर जातं त्या गावात जन्म गेला माझा. मोहनलालशेठला बारा महिने खाकरे खाताना बघत आलोय. आणि मला एकदाही वाटलं नाही की विचारावं, पोरी, कोणत्या मामाकडे, कोणत्या महिन्यात? गावाला तरी काय बोल लावू? त्यांना सांगताना मामा आणि राखी मीच गाळून टाकली होती. राहिलं होतं ते फक्त माझं नाव.

हसू नका. मी तुम्हाला पहिल्याच वाक्यात वांग्याच्या रजेचं सांगितलं होतं. तुम्ही कुठे होतात?

विधीनं दप्तरातून फोटो काढला आणि माझ्या हातात दिला. नव्या टोपीतला. "हा गेलाच नाही, नाना. पण दुमडला नाही."

गिरधर आबा ताट धरूनच उभा होता. "शेठ, निकाल?"

"मी नाही देणार," शेठ डोळे पुसत म्हणाले. "नात आहे माझी. उद्या गाव म्हणेल, घरचा न्याय. नाना, आज निकाल तुम्ही द्या."

झालं. ताट आबाच्या हातात, मी न्यायाधीश, आणि आरोपीही मीच. वाटा बऱ्याच होत्या. म्हणू शकलो असतो, मला आधीच ठाऊक होतं, पोरीचा मान ठेवला. म्हणू शकलो असतो, थाप इथंच सांगायला हवी, मागची धरत नाहीत. दोन्ही थापा अशा होत्या की गावानं हसत हसत गिळल्या असत्या. मी फोटोतल्या टोपीकडे बघितलं. मग फळ्यावरची ती तिसरी ओळ आठवली, जी मला जागा भरायला लिहिल्यासारखी वाटली होती: हे खरं निघावं असं मला का वाटतं?

"कोंबडा तासाभराचा आहे," मी म्हणालो. "हिची थाप श्रावणापासून चालतेय, आणि मी स्वतः तिला खांद्यावर घेऊन गावभर फिरलोय. ताट विधीचं."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. शीतल मॅडमनी मला नमस्कार केल्यासारखी मान हलवली. आबानं ताट विधीपुढे धरलं.

विधी ताटाकडे बघत राहिली. खायचं तर नव्हतंच. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, माझ्यासमोर आणून ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पहिलं ताट सुकदेव नानांच्या नावानं काढलंय. आता बाकीच्यांनी जेवावं."

पण सवय कुठे जाते?

"थांब," मी म्हणालो. "ताट माझ्या नावानं निघालं. म्हणजे तुझी थाप खरी झाली. आणि थाप खरी निघाली तर काय, जगदीश?"

"बाद," जगदीशच्या तोंडातून निघून गेलं. मग त्यानं जीभ चावली.

"बाद. वहीत लिहिलंय तुमच्या. विधी हरली, मुसळ विधीचं."

क्षणभर सगळे घोटाळले. शेठनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात गेंदा म्हणाली, "नाना, हाई गाव दोंडाईचा शे का?"

"नाही."

"आज राखी शे?"

"नाही."

"हाई मामाना घर शे?"

मी बडगीजवळचं मुसळ उचललं. गार लागतं, बरं का. निदान पहिला तासभर. बडगीत अजून अख्ख्या गावाचं भरीत ठेचायचं होतं. आबा माझ्या जागेवर पाय पसरून बसला आणि मला सल्ले देऊ लागला.

हात भरून आले तेव्हा मी थांबलो आणि माझ्या नावाचं ताट जवळ ओढलं. निवत चाललं होतं. आता मात्र मी शहाणा झालो होतो. घास घेण्याआधी ह्या पुढे प्रत्येक गोष्ट विचारायची, असं ठरवलं.

"गेंदा, मिरच्या तू वाटल्यास ना? तिखट आहे का फार?"

"नही, नाना. तुमनासाठे कमी टाकी."

कोणी सांगितलं, तर जिनं वाटल्या तिनंच. आणखी कशावरून, तर माझ्यासाठी कमी टाकल्या म्हणाली म्हणजे पोरीला काळजी आहे. मी मोठा घास घेतला.

डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. समोर विधी आणि गेंदा एकमेकींना धरून हसत होत्या. मॅडम पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या आणि आबा विचारायला लागला, "काय झालं रे, नाना, रडस का काय?"

"मिरची लागली," मी म्हणालो.

गावानं ऐकून घेतलं. एकाही पोरानं उठून विचारलं नाही, आणखी कशावरून.